जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात? आधी गळलेली कळी उघडून बघा

जास्वंदीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते. झाड हिरवंगार आहे, कळ्या भरपूर धरतात, पण उमलायच्या आदल्या दिवशी टपाटप गळून पडतात. मध्ये काही दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: खत घाला, नीम ऑइल मारा, पाणी कमी करा, पाणी वाढवा. यातलं एखादं लागूही पडतं, पण नेमकं कशामुळे लागू पडलं हे कळत नाही. त्यामुळे कळीगळ परत सुरू झाली की पुन्हा पहिल्यापासून चाचपडणं आलं.

कळीगळ हा एक रोग नाही, ते लक्षण आहे. त्यामागे निदान सहा-सात वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यातल्या काहींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. सुकलेल्या मातीमुळे कळ्या गळत असतील तर पाणी हवं, कुजत चाललेल्या मुळांमुळे गळत असतील तर पाणी तोडायला हवं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की औषधाच्या किंवा खताच्या डब्याला हात लावण्याआधी खाली पडलेली कळी उचला आणि नीट बघा. बहुतेक वेळा उत्तर तिच्या आतच असतं.

पडली ती खरंच कळी आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण इथूनच सुरुवात करावी लागते. साध्या जास्वंदीचं फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत मिटायला लागतं, पाकळ्या एकमेकींभोवती पिळल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी ते गुंडाळीसारखं खाली पडतं. लांबून बघणाऱ्याला ती न उमललेली कळी वाटते. हातात घेतली की फरक कळतो. उमलून गेलेलं फूल लिबलिबीत आणि लांबट असतं, त्याच्या पाकळ्या उलगडल्या तर मधला लांब केसरदांडा आणि त्यावरचे परागकण दिसतात. न उमललेली कळी मात्र घट्ट असते, तिच्या पाकळ्या अजून हिरव्या आवरणात दडलेल्या किंवा जेमतेम बाहेर डोकावलेल्या असतात. तुमच्याकडे पडणारी सगळी मिटलेली फुलंच असतील तर झाड उत्तम आहे, काहीही करू नका. काही संकरित जातींची फुलं दोन-तीन दिवस टिकतात, तेव्हा आपल्या झाडाची सवय आधी ओळखून ठेवा.

खरोखर कळी असेल तर देठाकडे बघा. जास्वंदीच्या फुलाच्या देठावर, कळीच्या थोडं खाली, एक बारीक फुगीर सांधा असतो. झाडाला कळी टाकून द्यायची असते तेव्हा ते याच सांध्यावर पेशींचा एक थर सैल करतं आणि कळी तिथून स्वच्छ सुटते. फांदीवर देठाचा उरलेला तुकडा काही दिवस तसाच राहतो. म्हणजे कळी 'पडली' असं आपण म्हणत असलो तरी झाडाने ती ठरवून सोडलेली असते. का सोडली, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

आता कळी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि ब्लेडने उभी चिरा. जवळ भिंग असेल तर छानच, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तरी चालतं. एका कळीवर निष्कर्ष काढू नका, वेगवेगळ्या आकाराच्या पाच-सहा कळ्या तपासा. आत एकतर वळवळणाऱ्या अळ्या दिसतील, नाहीतर पाकळ्यांच्या घड्यांत पळणारे काडीसारखे बारीक किडे दिसतील, नाहीतर कळी आतून अगदी स्वच्छ आणि निरोगी असेल. इथून तीन वेगळ्या वाटा फुटतात.

आत अळ्या निघाल्या तर

पाकळ्यांच्या बुडाशी पांढरट किंवा पिवळसर, एक-दोन मिलिमीटरच्या बिनपायाच्या अळ्या दिसल्या, आणि त्यातली एखादी अंग वाकवून टुणकन उडाली, तर ती कळीतली मिजमाशी आहे. शास्त्रीय नाव कॉन्टॅरिनिया मॅक्युलिपेनिस. वारंवार परतणाऱ्या कळीगळीचं हे सगळ्यात चिवट कारण आहे आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारंही, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. पानं ठणठणीत असतात, शेंडे तरतरीत असतात, फक्त कळ्या पिवळट पडून, किंचित वेड्यावाकड्या होऊन गळतात.

हिचं चक्र समजून घेतलं की 'मध्ये बरं असतं आणि मग पुन्हा सुरू होतं' याचा उलगडा होतो. डासापेक्षाही नाजूक अशी मादी कोवळ्या कळीच्या टोकातून आत अंडी घालते. अंडी साधारण दिवसाभरात फुटतात. अळ्या पाच ते सात दिवस कळीच्या आत राहून ती पोखरतात. कळी गळून खाली पडली की त्या बाहेर येतात, मातीत शिरतात आणि तिथे सुमारे दोन आठवडे कोषात राहतात. मग नवी माशी बाहेर येते, ती जेमतेम चार दिवस जगते, पण तेवढ्यात पुढच्या कळ्यांत अंडी घालून मोकळी होते. एकूण चक्र २१ ते २८ दिवसांचं. म्हणजे ज्या दोन आठवड्यांत झाड 'सुधारलं' असं वाटतं, त्या काळात कीड मातीत बसलेली असते. आपण मारलेल्या फवाऱ्याला श्रेय मिळतं आणि पुढची पिढी वेळेवर हजर होते.

हेच ध्यानात घेऊन उपाय करायचा. अंडी आणि अळ्या कळीच्या आत, कोष मातीत, तेव्हा पानांवर मारलेलं नीम ऑइल यातल्या कशापर्यंतच पोहोचत नाही. इथे फवारणीपेक्षा हाताने केलेली सफाई कितीतरी जास्त कामाची आहे. गळलेली प्रत्येक कळी रोजच्या रोज उचला. झाडावरच्या पिवळट, मऊ पडलेल्या, आकार बिघडलेल्या कळ्याही खुडा, त्या पडायची वाट बघू नका. या कळ्या कंपोस्टमध्ये टाकू नका आणि बागेच्या कोपऱ्यातही नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा, काही दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. झाडाखाली जुनी चादर किंवा प्लॅस्टिक अंथरून ठेवलं तर कळी पडल्यावर अळीला लगेच माती सापडत नाही. अर्थात, ते अंथरूण रोज झाडून घेतलं तरच त्याचा उपयोग. कुंडी असेल तर वरचा दोन इंच मातीचा थर काढून नवा भरा.

प्रादुर्भाव फार असेल तर मी याहून कठोर उपाय सुचवेन: सलग एक महिनाभर झाडावर एकही कळी ठेवू नका, अगदी हरभऱ्याएवढी झाली तरी खुडा. मनाला लागतं, पण अंडी घालायला जागाच उरली नाही की मातीतून निघणारी माशी चार दिवसांत संपते आणि साखळी तुटते. मात्र आजूबाजूलाही नजर टाका. हीच माशी मोगरा-जाईच्या कळ्यांत, टोमॅटो, मिरची, वांग्यात आणि डेंड्रोबियम ऑर्किडच्या कळ्यांतही वाढते. जास्वंद साफ केली आणि शेजारचा मोगरा तसाच सोडला, तर महिन्याभराची मेहनत पाण्यात जाईल.

पाकळ्यांत पळणारे बारीक किडे

हे फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. पिवळसर किंवा काळपट, स्वल्पविरामाएवढे. कळी कागदावर झटकली तरी दिसतात. यांचा पुरावा उमललेल्या फुलांवरही सापडतो: पाकळ्यांवर फिकट ओरखडे, कडा करपलेल्या, फूल नीट उलगडलेलं नाही. हवा कोरडी आणि गरम असली की हे झपाट्याने वाढतात. झाडावर, विशेषतः शेंड्यांवर आणि पानांच्या खालच्या बाजूला, पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने बरेचसे धुतले जातात. निळे किंवा पिवळे चिकट सापळे लावले की किती आहेत याचा अंदाज येतो. इथे नीम ऑइल उपयोगी पडतं: लिटरभर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली सौम्य द्रवसाबण मिसळा, मग ५ मिली तेल घालून ढवळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरून संपवा. दर सात दिवसांनी, निदान तीन वेळा. भर उन्हात मारलंत तर पानं आणि कळ्याच भाजतील.

शेंडा आकसला असेल तर

कळ्या गळताहेत आणि शेंड्याची पानं आखडून, चुरगळून एक गच्च झुपका झालाय, असं दिसलं तर कळी चिरायचीही गरज नाही. झुपका उलगडा, आत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतील. हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर येणारी एक जात, मॅकोनेलिकोकस हिर्सुटस, रस शोषताना झाडात लाळ सोडते आणि त्या लाळेमुळेच वाढ अशी वेडीवाकडी होते. पांढरी पूड बाजूला करून एक किडा चिरडला तर गुलाबी डाग पडतो, ही तिची खूण. नुसत्या जास्वंदीपुरती ही कीड मर्यादित नाही. १९९४ साली ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात सापडली आणि तिथून बेटाबेटांवर पसरून शेतीचं आणि जंगलाचं मोठं नुकसान करून गेली. शेवटी तिला आवर घालायला परजीवी गांधीलमाश्या आणि एक भुंगेरा सोडावा लागला.

तो भुंगेरा म्हणजे क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझायरी, आणि त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूने माणसं त्यालाच मारतात. भुंगेरा स्वतः छोटा, गडद तपकिरी, डोकं नारिंगी. पण त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या लोंब्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते. फरक चालीत आहे. मिलीबग जवळजवळ जागचा हलत नाही, ही अळी मात्र फांदीवरून भराभरा चालते, आकाराने मिलीबगच्या दुपटीहून मोठी असते आणि तिचे लोंबणारे मेणाचे धागे लांब असतात. पांढरं काही दिसलं की लगेच स्प्रे उचलण्याऐवजी मिनिटभर नुसतं बघत राहा. ते पळत असेल तर तुमचं काम कुणीतरी आधीच हातात घेतलं आहे.

मिलीबगवर पहिला उपाय कात्रीचा. आकसलेले शेंडे दोन-तीन पेरं खाली कापून पिशवीत बंद करा, ते पुन्हा सरळ होत नाहीत. उरलेल्यांवर साबणाच्या पाण्यात बुडवलेला बोळा फिरवा, फांदीच्या बेचक्यांत आणि देठांच्या बुडाशी खास करून. आणि मुंग्या थांबवा. मिलीबग आणि मावा गोड चिकट द्रव सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि मित्रकीटकांना जवळ फिरकू देत नाहीत. खोडावर चिकटपट्टी गुंडाळली किंवा कुंडी पाण्याच्या थाळीत उभ्या केलेल्या पायांवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. पानांवरची काळी काजळी याच चिकट द्रवावर वाढलेली बुरशी असते, ती ओल्या फडक्याने पुसून निघते.

कळी आतून स्वच्छ असेल तर

मग कीड नाही. झाडाला कुठेतरी ताण बसला आहे आणि वाढती कळी सांभाळणं त्याला परवडत नाही. ताणात झाडात इथिलीन वायू तयार होतो आणि तोच देठाचा सांधा सुटण्याचा इशारा असतो.

आधी पाणी. एकाच दिवशी लहान-मोठ्या सगळ्या कळ्या हिरव्यागार अवस्थेत गळल्या तर नव्वद टक्के वेळा मला पाण्याचाच संशय येतो. माती कडकडीत सुकू द्यायची आणि मग एकदम बदाबदा ओतायचं, हा प्रकार जास्वंदीला अजिबात सोसत नाही. बोट दोन इंच मातीत खुपसा. आत कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या, ओलसर लागलं तर हात आवरा. वार लावून पाणी देऊ नका, बोटाला विचारून द्या. पाणी ओतल्याबरोबर सगळं खालून निघून जात असेल तर मुळांनी कुंडी भरली आहे. अशा झाडाला दिवसातून दोनदा पाणी देऊनही ते तहानलेलंच राहतं. त्याला एक आकार मोठी कुंडी द्या. उलट माती कायम ओली, वास मारणारी, आणि खालची पानं पिवळी पडत असतील तर मुळं गुदमरताहेत. निचऱ्याची भोकं मोकळी करा, ताटलीत साचलेलं पाणी काढून टाका.

मग ऊन. जास्वंदीला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. कमी उजेडात ती पानं छान धरते, बारीक कळ्याही धरते, पण त्या वाटाण्याएवढ्या होतात न होतात तोच गळतात. नर्सरीतून फुलांनी लगडलेलं झाड आणलं आणि पहिल्या पंधरवड्यात कळ्या गळल्या, तर त्यामागेही बहुधा उजेडातला बदल आणि प्रवासात बंद जागेत साठलेलं इथिलीन असतं. त्याला एका जागी ठेवा, तिथेच राहू द्या. रोज इकडून तिकडे हलवलेलं झाड रुळत नाही.

तापमान आपल्या हातात फारसं नसतं. पारा ३५ अंशांच्या वर काही दिवस राहिला की बऱ्याच जाती कळ्या टाकतात, १० अंशांच्या खाली वाढच थांबते. दुपारच्या वेळी हलकी सावली आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढंच करा आणि लाट ओसरू द्या. त्या दिवसांत छाटणी आणि खत दोन्ही टाळा.

'फुलांचं खत' घालून बिघडलेलं झाड

कळ्या गळायला लागल्या की सर्वांत आधी घातलं जातं ते भरपूर फॉस्फरसचं खत: डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), बोन मील (हाडांची पूड), नाहीतर मधला आकडा मोठा असलेलं एखादं एनपीके (पाकिटावर नत्र, फॉस्फरस, पालाश या क्रमाने तीन आकडे असलेलं खत). फॉस्फरसने फुलं येतात ही समजूत इतकी रुजली आहे की जास्वंदीचं त्यात नुकसान होतंय हे पटवायला वेळ लागतो. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के फॉस्फेट असतं, पालाश शून्य. जास्वंदीची भूक याच्या उलटी आहे: नत्र मध्यम, फॉस्फरस थोडा, पालाश जास्त. जास्तीचा फॉस्फरस मातीत साचत जातो आणि लोह, जस्त यांचं शोषण अडवतो. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसायला लागलं की हे झालंय असं समजा. त्यावर आणखी खत घातलं की कळ्या आणखी गळतात.

असं झाड असेल तर महिनाभर सगळी खतं बंद करा. कुंडीच्या काठावर पांढरे क्षार दिसत असतील तर कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू ओतून माती धुवून काढा. नंतर पाकिटावरचे तीन आकडे वाचून खत निवडा, मधला सगळ्यात लहान आणि शेवटचा सगळ्यात मोठा हवा. शिफारशीच्या निम्म्या प्रमाणात, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. सोबत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असेल तर उत्तम. माती किंचित आम्ल, सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असली की लोह आपोआप मिळत राहतं. नत्र फार झालं तर पानं मोठी, गडद आणि कळ्या मोजक्या, तेव्हा तिथेही हात आखडता हवा.

छाटणीनंतरची शांतता

जास्वंदीला कळ्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतात. म्हणून छाटणी हवीच. पण छाटल्यावर नवी फांदी वाढून फुलायला दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात लोक घाबरून पुन्हा उपचार सुरू करतात. एका वेळी एक तृतीयांश फांद्या छाटा, बाकीच्या पुढच्या खेपेला. झाड फुलतही राहतं आणि नवी फूटही मिळते.

फुलं वापरणार असाल तर

जास्वंदीची फुलं आणि पानं केसांच्या तेलात, लेपात जातात, पाकळ्या खाल्ल्याही जातात. त्यांच्यातला लाल रंग अँथोसायनिनचा, तो आम्लात गुलाबी आणि अल्कलीत हिरवट होतो, म्हणून शाळेच्या प्रयोगातही पाकळ्या लागतात. (लाल आंबट सरबतात मात्र या झाडाच्या पाकळ्या नसतात, लाल अंबाडीच्या फुलाखालचं मांसल लाल आवरण सुकवून वापरलेलं असतं.) फुलं अंगाला किंवा पोटात जाणार असतील तर त्या झाडावर आंतरप्रवाही कीटकनाशक वापरूच नका. ते पानांत, परागात, मधात सगळीकडे उतरतं, धुऊन जात नाही, आणि फुलावर येणाऱ्या मधमाश्यांनाही बाधतं. एक झाड वापरासाठी राखून ठेवा आणि त्याची निगा फक्त पाणी, कात्री आणि साबण यांवर करा.

सगळं करूनही गळत असतील तर

मग जात तपासा. गच्च, अनेक पाकळ्यांच्या जास्वंदी एकेरी जास्वंदींपेक्षा कळ्या जास्त टाकतात. एका फुलात इतक्या पाकळ्या भरायच्या तर झाडाला खर्चही तितकाच येतो. ऊन, पाणी, पालाश सगळं जागच्या जागी असेल तरच ती मोठी फुलं देते. तुमच्या जागी ऊन चार तासांचंच असेल तर तिच्याशी वर्षानुवर्षं झगडण्यापेक्षा एकेरी लाल जास्वंद लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ओळखीच्या कुणाकडे कळ्या न टाकणारं झाड असेल तर त्याचीच फांदी मागा. पेन्सिलीएवढी जाड, चार-सहा इंचांची, अर्धवट पिकलेली फांदी पेराच्या लगेच खाली कापा. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, ठेवलेलीही अर्धी कापा. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचून उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा, मिश्रण ओलसर राहू द्या. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. लावल्या लावल्या एखादी कळी दिसलीच तर ती खुडा, आधी मुळं होऊ द्या.